रामटेकेबाईंचा बोळा

कुठं नव्या न्हाणीघराची फरशी बसवण्याचं काम चालू दिसलं, की माझी नजर आधी खुर्ची शोधते. पत्र्याची, पोपटी रंग उडालेली, डुगडुगते म्हणून एका पायाखाली खापरीचा तुकडा सरकवलेली. त्या खुर्चीत रामटेकेबाई बसलेल्या असायच्या आणि त्यांचे डोळे मिस्त्रीच्या थापीवर. थापी उजवीकडं गेली की डोळे उजवीकडं, डावीकडं गेली की डावीकडं. मिस्त्री विडी पेटवायला थांबला तरी बाई काडेपेटीकडं बघत राहायच्या, जणू तिच्यातूनही काहीतरी पळवलं जाणार आहे.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. भामरागडकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मुलींचं वसतिगृह होतं आणि सुलोचना रामटेके या त्याच्या अधीक्षिका होत्या. मी चंद्रपूरची. तिथल्या शाळेत नवी मास्तरीण म्हणून लागले आणि गावात भाड्यानं खोली मिळेना, म्हणून वसतिगृहाची पुढची खोली मला देण्यात आली. सामान घेऊन पोचले तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. उंच, हाडकुळ्या, पांढऱ्या सुती पातळाचा पदर खांद्यावर घट्ट पिनेनं लावलेला.

"काऊन आली इथी?" त्यांनी विचारलं.

"नोकरी लागली, बाई."

"चंद्रपूरले नोकऱ्या सरल्या का?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझी ट्रंक उघडायला लावली. साड्या उलथ्यापालथ्या केल्या, साबणाची वडी उचलून नाकाला लावली आणि परत ठेवली. "वासाचं आहे. पोरी मांगतीन. लपवून ठेव," म्हणाल्या आणि निघून गेल्या. मी काऊन आले हा प्रश्न त्यांनी पुढं कितीतरी दिवस अधूनमधून, अगदी वरण वाढताना वगैरे, सहज टाकल्यासारखा विचारला. उत्तर बदलतं का ते बघत होत्या.

संशय हा बाईंचा स्वभाव होता म्हणणं कमीच होईल. तो त्यांचा उद्योग होता. दूधवाला आला की त्या पाणी घातलंय का बघायला दुधाचा थेंब नखावर घेऊन नख उभं धरायच्या. पुढं पुढं तो बिचारा स्वतःच आधी आपलं नख पुढं करायला लागला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळी दिली तर "तुमी स्वतः घेता का हे?" असं विचारल्याशिवाय पुडी उचलायच्या नाहीत. कुणी तोंडावर कौतुक केलं की लगेच, "काय काम आहे, बोल." वाळत घातलेल्या कपड्यांच्या बाबतीत तर हद्दच होती. त्यांचा परकर कायम दुसऱ्या पातळाच्या आड वाळायचा. इतकी वर्षं तिथं काढून त्याचा काठसुद्धा कुणाला दिसला नसेल. मी एकदा चेष्टा केली तर म्हणाल्या, "दोरीवर काय आहे, हे रस्त्यानं जानाऱ्याले काऊन समजाव?"

एका गोष्टीवर मात्र त्यांचा संशयसुद्धा नव्हता, सरळ तिरस्कार होता. करणी, मूठ मारणं, अंगात येणं, उतारा. त्यांच्या वडिलांनी धर्मांतरानंतर घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले होते आणि बाईंनी ते काठावर उभं राहून पाहिलं होतं. "काहीच झालं नाई," त्या सांगायच्या. "टोपली वाहून गेली, आमी घरी येऊन जेवलो." त्यांच्या खोलीत बुद्धाची एक तसबीर होती, तेवढ्या एका चेहऱ्याकडं त्या डोळे बारीक न करता बघत असत. गावात कुणाच्या उंबऱ्यावर लिंबू-मिरची सापडली की बाई ते लिंबू उचलून आणत आणि सरबत करून पीत. त्या सरबताला हात लावायची हिंमत आमच्यापैकी कुणाची झाली नाही.

आता मिस्त्री लोकांवर त्यांचा एवढा डूख का, ते सांगायला हवं. मी यायच्या आधी वसतिगृहात एक न्हाणीघर बांधलं गेलं होतं. न्हाणीतलं पाणी जायला जमिनीत भोक ठेवतात, त्याच्याखाली पाइपाला एक वाक दिलेला असतो. मिस्त्री त्याला नानी ट्रॅप म्हणतात. त्या वाकात थोडं पाणी कायम साचून राहतं, म्हणून नालीचा वास आणि किडे वर येत नाहीत. ठेकेदाराच्या माणसांनी फरशी बसवली, सांध्यांत सिमेंट भरलं, आणि जाता जाता सगळी घमेली आणि थाप्या त्याच नव्या फरशीवर धुऊन काढल्या. ते राखाडी पाणी जाळीतून वाकात उतरलं आणि तिथं दगड होऊन बसलं. पाणी जाईना. फोडायचं तर सगळी फरशी उखडावी लागणार. ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात निघून गेला होता. न्हाणीघरात मग सरपण भरलं गेलं आणि पोरी पुन्हा नाल्यावर आंघोळीला जायला लागल्या.

नाल्यावर पूल होता आणि पुलावर लाकडाचे ट्रक थांबत. एक दिवस कुणीतरी वरून शीळ घातली, कुणीतरी खाली उतरून आलं. पोरी ओल्या कपड्यांनी पळाल्या. पुढं काही वाईट घडलं नाही, पण जानो नावाच्या आठवीतल्या मुलीच्या बापाच्या कानावर ते गेलं आणि तो तिला घेऊन गेला. बाई तिच्या गावी जंगलातून पायी गेल्या. तोवर तिचं लग्न लागून गेलं होतं.

"सिमेंटच्या एका घमेल्यानं माही पोरगी नेली," बाई म्हणत. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा नाही, म्हणून ते ऐकायला जास्त जड जायचं.

तेव्हापासून बाई रोज सकाळी पोरींबरोबर नाल्यावर जात. मीही कधीकधी जायची. पोरी पाण्यात उतरल्या की बाई काठावर, त्यांच्याकडं पाठ करून आणि पुलाकडं तोंड करून, हातात काठी घेऊन उभ्या राहात. ट्रक थांबला की त्या ड्रायव्हरकडं बघत. शिवी नाही, आरडाओरड नाही, नुसतं बघणं. ट्रक सुरू होऊन निघून जायचा.

त्या वर्षी सोमी दहावीत होती. माडिया पोरगी, भामरागडच्याही पलीकडच्या पाड्यातली. त्या वसतिगृहातून दहावीपर्यंत पोचलेली पहिलीच. तिचा बाप लालसू बाजाराच्या दिवशी तांदळाचं गाठोडं घेऊन यायचा, वऱ्हांड्यात उकिडवा बसायचा आणि लेकीकडं नुसता बघत राहायचा. जानोच्या बापाशी त्याची सोयरीक होती. जाताना दर वेळी एकच विचारायचा, "बाई, पोरगी पानी कुठी घेते?" म्हणजे आंघोळ कुठं करते. आणि बाईंना खोटं बोलता यायचं नाही. "नाल्यावर. म्या असतो संगं," एवढंच त्या म्हणायच्या. लालसू मान हलवायचा. ती मान होकाराची होती की मनात काही ठरवत असल्याची, हे बाईंना कळत नसे आणि त्या दिवशी त्या नीट जेवत नसत. सोमी परीक्षेपर्यंत टिकली पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्या हिवाळ्यात बाईंच्या डोक्यात होती.

आणि तेवढ्यात नवं न्हाणीघर मंजूर झालं. साधं नव्हे, वरून आडवा पाइप आणि त्याला ओळीनं फवारे. खाली पांढऱ्या टाइल्सची फरशी. पोरींनी फवारा फक्त बागेच्या चित्रात बघितला होता. त्या रोज शाळा सुटली की काम बघायला धावत. बाईंनी पोपटी खुर्ची बाहेर काढली.

मिस्त्री होता मल्लय्या, सिरोंच्याकडचा. मराठी बोलायचा पण त्याला तेलुगूचा झोका असायचा, आणि कुठल्याही वयाच्या बाईला अम्मा म्हणायचा. दंडाला ताईत, सायकलच्या हँडलला लिंबू-मिरची, कानावर विडी. कामाच्या पहिल्या दिवशी त्यानं न्हाणीघराच्या कोपऱ्यात नारळ फोडला.

"नारळानं उतार येते का फरशीले?" बाई खुर्चीतून म्हणाल्या.

"उतार हातानं येते, अम्मा. नारळ हातासाठी फोडला."

बाईंना उत्तर आवडलं असावं, कारण त्यांनी लगेच तोंड फिरवलं.

पण म्हणून त्यांनी त्याला मोकळं सोडलं नाही. उतार बघायला त्यांनी एका पोरीकडून जप्त केलेली काचेची गोटी आणली. फरशीच्या कुठल्याही कोपऱ्यात ठेवली तरी ती जाळीपाशी गडगडत आली पाहिजे, हा नियम. एका कोपऱ्यातून गोटी थोडी आली आणि थबकली. "उचल हे टाइल," बाई म्हणाल्या. मल्लय्यानं गोटी उचलून उन्हात धरली, डोळा मिटून बघितली. "अम्मा, गोटीच वाकडी आहे." म्हणजे तोही काही कमी नव्हता. त्यानं गावातून आपली गोटी आणली. बाईंनी त्या गोटीवर संशय घेतला. दोन्ही गोट्या शेजारी शेजारी सोडल्या, दोन्ही तिथंच थबकल्या. मल्लय्यानं निमूटपणे टाइल उचलली आणि खाली थापीनं माल सारखा केला.

भांडी आत धुवायची नाहीत, हा दुसरा नियम. घमेली, थाप्या, हातपाय, सगळं मोहाच्या झाडाखाली ठेवलेल्या ड्रममध्ये. काम संपल्यावर पांढरी पावलं कुठून कुठं गेलीत, ते बाई वाकून बघायच्या. एकदा पोचूबाई नावाच्या मजूरबाईची पावलं ड्रमकडं न जाता विहिरीकडं गेलेली सापडली. त्या माग काढत विहिरीपर्यंत गेल्या. पोचूबाई तिथं पाणी प्यायला गेली होती, इतकंच. बाईंनी तिला पाणी पिऊ दिलं, पण ती पीत असताना समोर उभ्या राहिल्या.

खरी गोष्ट बोळ्याची. मल्लय्यानं टाइल बसवायला घेण्याआधीच जाळीच्या भोकात बारदानाचा बोळा कोंबला आणि वर पत्र्याचा तुकडा ठेवला, माल आत जाऊ नये म्हणून. सगळे चांगले मिस्त्री हेच करतात. बाईंनी तो बोळा दोन बोटांनी दाबून बघितला आणि मला खोलीत बोलावलं.

"बारदानातून पानी गळते. सिमेंट पहिले पानीच असते न? आन हा बोळा तो कधी काढते, कधी लावते, कोन पाहाते?"

त्यांनी पेटीतून एक जुना काळा परकर काढला, माझ्याकडं पाठ करून त्याचा मोठा तुकडा फाडला आणि घट्ट गुंडाळायला लागल्या. गुंडाळता गुंडाळता आत सुक्या लाल मिरच्या घातल्या.

"मिरच्या कशाला, बाई?"

"कोनी काढाले गेलं त हाताची आग झाली पाह्यजे. चोर आपसूक समजन."

वरून लाल दोरा, लांबून उठून दिसावा म्हणून. सुटू नये म्हणून गाठीवर गाठी. असा तो काळा, लाल, मिरच्यांचा गोळा तयार झाला. मी चंद्रपुरात वाढलेली, मला त्यात तेव्हा काही वावगं दिसलं नाही. आणि बाई तर त्या जगातून टोपलीसकट बाहेर पडलेल्या. मजूर जेवायला गेले तेव्हा त्यांनी मल्लय्याचा बोळा उपसला, आपला आत खाली बसवला, दोऱ्याचं टोक भोकाच्या कडेला लपवलं, वर त्याचा बोळा जसाच्या तसा ठेवला.

"मिस्त्रीला सांगून ठेवा," मी म्हणाले.

"सांगतलं त भरून काय फायदा?"

टाइल्स बसल्या. सांध्यांत पांढरं सिमेंट भरून झालं, पुसून झालं. शेवटच्या दिवशी बाईंना शाळेत बैठकीला जावं लागलं. परतल्या तेव्हा मल्लय्या सामान सायकलला बांधून गेला होता. त्या तडक न्हाणीघरात. बारदानाचा बोळा नव्हता, आणि लाल दोराही नव्हता. जाळी बसवलेली होती.

"काढला वाटते त्यानं," बाई म्हणाल्या आणि मी त्यांना पहिल्यांदा खुदकन हसताना बघितलं. "आग झाली असन हाताची. बोलाले तोंड कुठी आहे?"

सिमेंट पक्कं व्हायला न्हाणीघर काही दिवस बंद ठेवलं. मग तो दिवस उजाडला. पोरी टॉवेल घेऊन ओळीनं उभ्या. बाईंनी सोमीला पुढं केलं आणि चावी फिरवली. फवारे सुरू झाले तसा पोरींनी जो कल्ला केला, तो मला अजून ऐकू येतो. सोमी डोळे मिटून पाण्याखाली उभी होती. मग तिनं खाली बघितलं. पाणी तिच्या घोट्याला लागलं होतं. ते जाळीवर नुसतं गोल गोल फिरत होतं, खाली उतरत नव्हतं.

बाईंनी चावी बंद केली. बाईंचा चेहरा त्या वेळी बघवत नव्हता.

मल्लय्याला बोलावणं गेलं. तो आला, साचलेलं पाणी बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम उतरला.

"धुतली न घमेली?" बाई म्हणाल्या. "म्या नव्हतो त धुतली न?"

"नाई अम्मा. घमेलं नाई धुतलं."

"मंग पानी काऊन जाऊन नाई राह्यलं?"

त्याची नजर जाळीवरून उचलली गेली, माझ्यावर, पोरींवर, दाराबाहेर, जणू तोही कुणालातरी शोधत होता. गप्प बसणारा माणूस संशयाला फार सोयीचा पडतो. बाईंचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. "तुह्या हातचं काम या गावात आता कोन देते, पाहातो म्या!" आणि त्यांनी ते खरं केलं. किराणा दुकान, पोस्ट, दवाखाना, जिथं जातील तिथं सांगितलं. पंचायतीच्या चौथऱ्याचं काम मल्लय्याच्या हातातून गेलं. पोरी पुन्हा नाल्यावर, बाई पुन्हा काठी घेऊन काठावर.

मी एकदा विचारलं, "बाई, तुमचा तो बोळा तर नसेल?"

"दोरा होता का? नव्हता. दोरा नाई म्हंजे बोळा नाई." जगात सगळ्यांवर संशय घेणाऱ्या बाईंना तेवढा एक स्वतःवर घ्यायचं सुचलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मल्लय्या स्वतःहून आला. खांद्यावर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, बरोबर पोचूबाई. वऱ्हांड्यात पोरींचे आईबाप बसलेले होते, लालसूही होता.

"खोदून पाहू, अम्मा," तो बाईंच्या डोळ्याला डोळा न देता म्हणाला. "सिमेंट निघालं त माही थापी इथीच ठेवून जातो. कधी हात नाई लावत."

भिंतीबाहेर पाइप जिथं निघत होता तिथं त्यानं माती काढली, जोड मोकळा केला आणि बांबूची लांब कामटी आत सरकवली. सगळे भोवती जमले. कामटी वाकाशी अडली. दगडावर आपटल्याचा आवाज आला नाही. काहीतरी मऊ होतं. त्यानं जोर लावला, ढकललं, ओढलं, आणि काळ्या पाण्याचा लोंढा बाहेर आला. त्याच्याबरोबर तो गोळा मातीत येऊन पडला. काळं कापड, लाल दोरा, गाठीवर गाठी, फुगलेल्या मिरच्या.

पोचूबाई किंचाळली. "करनी!"

सगळे मागं सरले. मल्लय्या तर सब्बल टाकून ताईत धरून उभा राहिला. लालसूनं त्या गोळ्याकडं बघितलं, मग लेकीकडं, आणि माडिया भाषेत दोनच शब्द बोलला. सोमी मुकाट्यानं पेटी भरायला आत गेली. मग दुसऱ्या एका पोरीचा बाप उठला, मग तिसरीची आई. ज्या घरात करणी पुरलेली आहे तिथं पोरगी कोण ठेवणार? कुणी भांडत नव्हतं, कुणी काही विचारतही नव्हतं.

गोळा कुणाचा आहे, हे तिथं दोघींनाच ठाऊक होतं. मी बाईंकडं बघितलं. त्यांना पाइपातल्या बोळ्याचं तर समजलंच, पण आपण हातानं काय बनवलं होतं, हे त्यांना त्या क्षणी लोकांच्या तोंडावर दिसलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"माहा आहे थो," बाई म्हणाल्या. "करनी नाई. बोळा आहे. म्या भरला, सिमेंट जाऊ नाई म्हनून."

लालसूनं मान हलवली. माडिया माणसाच्या मराठीत सगळ्यांना तूच असतं. "बाई, तू चांगली आहेस. पोरीसाठी खोटं बोलून राह्यली."

"खोटं नाई बोलत म्या!"

"बोलतेस," तो शांतपणे म्हणाला.

जन्मभर कुणाच्या शब्दावर विश्वास न ठेवलेल्या बाई, आणि आता त्यांच्या शब्दावर कुणी ठेवेना. मला त्यांची दया आली, खरंच आली. आणि रागही आला.

बाई वळून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तो परकर होता. उरलेला काळा परकर, नाडीसकट. बाजाराची माणसं, बाप्ये, रस्त्यावर थांबलेले दोन सायकलवाले, सगळ्यांच्या देखत त्या मातीत बसल्या. चिखलातला गोळा उचलला, एकेक गाठ नखानं सोडवली, कापड झटकलं आणि जमिनीवर पसरलं. त्याच्या शेजारी परकर पसरला. फाटलेली कड फाटलेल्या कडेला लावली. धागा धाग्याला लागला. कापडावर खालच्या बाजूला बारीक पिवळ्या फुलांची नक्षी होती, ती इकडून तिकडं सरळ गेली.

"पाह्य, लालसू," त्या म्हणाल्या. मान वर नव्हती, पण आवाज होता. "जवळून पाह्य."

लालसू वाकून बसला. त्यानं बोटानं ती कड चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"मिरची काऊन?" त्यानं विचारलं.

"चोरासाठी."

लालसूच्या नाकातून फुर्र असा आवाज आला, आणि तो हसायला लागला. माडियात त्यानं बाकीच्यांना काहीतरी सांगितलं, ते हसले, पोरी हसल्या. मल्लय्या मात्र हसत नव्हता.

"अम्मा, म्या ढकलला थो आत," तो म्हणाला. "शेवटच्या दिवशी बारदान काढलं त लाल दोरा दिसला. मले वाटलं, माह्यावर कोनं केलं. हात नाई लावला. बांबूनं ढकललं, म्हनलं जाऊ दे नाल्यात वाहून. थो वाकात बसला." ताईतावरचा हात त्यानं आता काढला. "तवापासून म्या धड जेवलो नाई. सांगू कोनाले? मले वाटे, इथंच कोनीतरी आहे."

"म्या सांगतलं असतं त झालं नसतं."

"म्या इचारलं असतं त, अम्मा."

बाई उठल्या. परकर तसाच मातीत राहिला, त्यांनी तो उचललासुद्धा नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मिस्त्री, म्या तुमच्यावर आळ घेतला. तुमचं काम चांगलं होतं." तोवर त्या त्याला कधी तुमी म्हणाल्या नव्हत्या. मग दारात पेटी घेऊन उभ्या असलेल्या सोमीकडं वळून खेकसल्या, "पाहून काय राह्यली? पेटी ठेव आत!"

सोमीनं बापाकडं बघितलं. लालसूनं हातातलं तांदळाचं गाठोडं खाली ठेवलं.

संध्याकाळी पोरी फवाऱ्याखाली उभ्या राहिल्या आणि पाणी घळघळ करत खाली गेलं. दुसऱ्याच दिवशी बाई पुन्हा किराणा दुकान, पोस्ट, दवाखाना असं फिरून आल्या, चूक कुणाची होती ते सांगत. मल्लय्याला चौथऱ्याचं काम परत मिळालं. सोमी दहावी झाली, नर्सचं शिकली आणि पुढं भामरागडच्याच दवाखान्यात लागली. बाई मात्र सुधारल्या वगैरे असं काही नाही. दूध नखावर घेणं चालूच होतं, आणि माझी बदली झाली तेव्हा "काऊन चालली?" हे त्यांनी निघेपर्यंत विचारलं.

काही वर्षांनी त्या निवृत्त झाल्या आणि चंद्रपुराबाहेर मूल गावाच्या रस्त्यावर त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधायला घेतलं. मी एका सुटीत बघायला गेले. अंगणात तीच पोपटी खुर्ची होती, पायाखाली खापरीचा तुकडा. बाई तिच्यात बसल्या होत्या. केस पार पिकले होते. आतून टाइलवर थापीच्या दांड्याची ठकठक येत होती आणि तेलुगू झोक्यातलं गुणगुणणं. सिरोंच्याहून मल्लय्याला बोलावून घेतलं होतं.

मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि मग ध्यानात आलं. खुर्ची उलटी होती. बाईंची पाठ न्हाणीघराकडं होती आणि तोंड रस्त्याकडं. त्यांनी अशी पाठ केलेली मी आधी फक्त नाल्यावर बघितली होती.

"अम्मा," आतून आवाज आला, "बोळा काढून राह्यलो. या पाहाले."

बाईंची मान वळली, अर्धी. त्यांनी ती पुन्हा रस्त्याकडं फिरवली.

"तुमी पाह्यला न? झालं मंग."

आत बादली ओतल्याचा आवाज झाला. बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते, डोळे मिटले होते. पाणी फरशीवरून सरकत गेलं, जाळीपाशी पोचलं आणि घळघळ करत खाली उतरलं.

"गेलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला विचारलं, "चहा घेशीन का?"